हिराजी हवालदारांची रेघ

शनिवार-रविवारी आमच्या चौलात रस्ता ओलांडणं हा एक पराक्रम असतो. अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या गाड्यांची सकाळी जी रांग लागते ती संध्याकाळपर्यंत हटत नाही. आम्ही बाकीचे गावकरी पिशवी हातात धरून मुकाट्याने कडेला उभे राहतो. हिराजी हवालदार मात्र लेंगा गुडघ्यापर्यंत वर खोचतात, वाकून कडेच्या मातीला हात लावतात, तो कपाळाला टेकवतात आणि "कबड्डी-कबड्डी-कबड्डी" म्हणत थेट रस्त्यात घुसतात. पलीकडे जाऊन दुकानाच्या फळीला हात लावायचा, खुंटीला अडकवून ठेवलेली दुधाची पिशवी उचलायची आणि त्याच दमात परत यायचं. त्यांचं वय त्र्याहत्तर आहे.

एकदा पुण्याच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून मला काळजीने विचारलं, "काका, ते आजोबा बरे आहेत ना?"

"अगदी ठणठणीत," मी म्हटलं. "फक्त मध्ये त्यांच्याशी बोलू नका. दम तुटला तर दूध परत ठेवून पुन्हा पहिल्यापासून येतील."

हे मी गंमत म्हणून सांगितलेलं नव्हतं. असं दोनदा झालेलं आहे.

हिराजी हवालदार माझे शेजारी. त्यांचं अंगण आणि आमची सुपारीची वाडी यांच्यामध्ये एक गडगा, म्हणजे दगडांची बुटकी भिंत, आहे आणि त्या गडग्यावरून आमचं चाळीस वर्षं बोलणं आणि भांडण चालू आहे. मी शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. ते फौजेत होते, म्हणून सगळं गाव त्यांना हवालदार म्हणतं. पण फौज ही त्यांची नोकरी होती आणि कबड्डी हा त्यांचा धर्म. तरुणपणी ते डाव्या कोपऱ्यात खेळायचे. त्यांनी एकदा घोटा पकडला की तो घोटा त्या दिवशी मालकाच्या ताब्यात राहत नसे. अजूनही कोणी ओळख करून दिली तर ते आधी त्या माणसाच्या पायांकडे बघतात, मग तोंडाकडे.

त्यांच्या अंगणाच्या तोंडाशी, जिथे फाटक असायला हवं तिथे, चुन्याची एक पांढरी रेघ आहे. दर शनिवारी सकाळी हवालदार ती नव्याने ओढतात. घरातून बाहेर पडणाऱ्याने रेघेपाशी वाकायचं आणि परत आल्यावर आधी रेघ शिवायची, मग आत यायचं. पोस्टमन शिवतो. गॅसचा सिलिंडर आणणारा खांद्यावर सिलिंडर असताना शिवतो. मीसुद्धा शिवतो, कारण न शिवता आत आलं की हवालदारांची शिट्टी वाजते. त्यानंतर तुम्हाला बसायला फक्त बाक उरतो.

हा बाक रेघेच्या बाहेर, फणसाच्या झाडाखाली आहे. त्याचं नाव मेलेल्यांचा बाक. कबड्डीत बाद झालेले गडी जसे मैदानाबाहेर बसतात, तसं हवालदारांच्या घरी बाद झालेल्या माणसाने तिथे बसायचं. चहा तिथे मिळत नाही. सुटकेचा मार्ग एकच. घरातल्या दुसऱ्या कोणीतरी बाहेर जायचं, काम फत्ते करून यायचं आणि रेघ शिवायची. त्याला गुण मिळाला की बाकावरचा एक गडी जिवंत होतो आणि आत येऊ शकतो.

जावईबापू पहिल्या दिवाळसणाला आले ते कानाला मोबाईल लावून, आणि बोलता बोलता बुटाने रेघ पुसून आत शिरले. शिट्टी वाजली. "बाद!" नवा कोट घातलेले जावई फणसाखाली बसले. आत पाटाभोवती रांगोळी, तबकात निरांजन, आणि ओवाळायचा माणूस मेलेला. हवालदारांची मुलगी रंजना रडायच्या बेतात आली होती. शेवटी तारावहिनी, म्हणजे हवालदारांची बायको, पदर खोचून उठल्या, माझ्या वाडीत आल्या, चार विड्याची पानं खुडली आणि परत जाऊन रेघेवर पाय आपटला. "शिवली! उठा हो जावईबापू, जिवंत झालाव." जावई उठले. तेव्हापासून ते आमच्या पाखाडीच्या गल्लीत शिरण्याआधी मोबाईल बंद करतात.

तारावहिनींविषयी एवढंच सांगतो की हवालदारांचा दम जिथे संपतो तिथून वहिनींचा सुरू होतो. त्या बोलायला लागल्या की श्वास कधी घेतात हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. जिताडा माशाचं कालवण कसं करायचं, इथून सुरुवात करून त्या कोणाच्या सुनेचं काय चुकलं इथपर्यंत एका वाक्यात पोचतात. हवालदार समोर बसून मान हलवतात. मी एकदा म्हटलं, "हवालदार, वहिनींना संघात घ्यायला हवं होतं." ते गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, ती कॅप्टन हाय. मी निस्ता कोपरा."

माझी आणि हवालदारांची खरी ओळख एका शब्दावरून झाली. रंजना तेव्हा आठवीत, माझ्या वर्गात होती. चाचणी परीक्षेत मी विचारलं होतं, ‘चढाई करणे’ याचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. बाकीच्या पोरांनी कोणत्या ना कोणत्या किल्ल्यावर चढाई केली. रंजनाने लिहिलं: ‘चढाई करणे म्हणजे जाऊन परत येणे. माझी आई बाजारात चढाई करून आली.’ मी त्यावर लाल शाईने भलीमोठी फुली मारली आणि शेजारी ‘हल्ला, स्वारी’ असं लिहिलं. त्या काळी लाल शाईचं मला फार प्रेम होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रजेवर आलेले हवालदार शाळेच्या ओट्यावर उभे. गळ्यात शिट्टी, हातात उत्तरपत्रिका.

"मास्तर, ह्ये चूक कसं काय?"

मी म्हटलं, "शब्दकोश बघा. चढाई म्हणजे हल्ला. परत येण्याचा त्यात काही संबंध नाही."

"शब्दकोशवाल्यानं किती चढाया केल्यात?"

"ते मला ठाऊक नाही."

"आनि तुमी?"

मी हातातला खडू खिशात टाकला.

"मी दोनी केल्यात," हवालदार म्हणाले. "फौजेतली चढाई म्हंजे जायाचं आनि तिथंच बसायचं. डोंगर घेतला की सोडायचा न्हाय. आनि कबड्डीतली चढाई म्हंजे जायाचं, शिवायचं, आनि दम तुटायच्या आत घरी यायाचं. समोरचे साती गडी शिवलेस, पन घरी न्हाय आलास, तर गुण किती? भोपळा! शब्द एकच हाय. पन कुठली चढाई बरी, ते घरात बसल्याल्या मानसाला इचारा."

मी मास्तरकी ताणून पाहिली, पण समोरच्या माणसाने माझ्या घोट्यांकडे रोखून बघायला सुरुवात केली होती. मी रंजनाला पूर्ण गुण दिले. संध्याकाळी घरी जाऊन मी ‘चढाई’ हा शब्द पुन्हा एकदा कोशात काढून पाहिला आणि पहिल्यांदाच मला कोश अपुरा वाटला.

ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. भातकापणी झाली की खळ्याशेजारचं शेत चोपून मैदान करायचे. राखेच्या रेघा मारायच्या. हवालदार आपली रजा त्याच सुमाराला पडेल अशी व्यवस्था करत. दुपार कलली की चारी बाजूंनी माणसं यायची, बांधावर बायका, नारळावर चढून बसलेले रिकामटेकडे, पेणहून, तळा गावाहून सायकली मारत आलेले संघ. चढाईला आलेला गडी हवालदारांच्या कोपऱ्याकडे वळला की सगळ्या शेतावर आवाज बंद व्हायचा. मग एकदम धूळ, आणि त्या धुळीत दोन हातांत पकडलेला एक घोटा. बांधावरून तारावहिनी ओरडायच्या, "सोडू नका वो!" आणि हवालदार खरंच सोडायचे नाहीत. पंचांची शिट्टी वाजल्यावरही काही वेळ सोडायचे नाहीत.

आता त्या शेतावर तीन बंगले आणि एक निळा तलाव आहे. मुंबईची माणसं त्यात डुंबतात. कबड्डी टीव्हीवर आली. हवालदार ती गळ्यात शिट्टी घालून बघतात आणि मध्येच जाहिरात लागली की "दम तुटला, बाद!" म्हणून टीव्ही बंद करतात. तलावाच्या बाजूने जाताना मात्र ते वाट वाकडी करतात. मधली रेघ नेमकी तिथे होती.

गेल्या वर्षी तारावहिनींचं बोलणं मध्ये मध्ये अडखळायला लागलं. जिताड्यापासून निघालेल्या वहिनी हळदीपाशीच थांबायच्या आणि छातीवर हात ठेवायच्या. तपासण्या झाल्या. हृदयाची झडप खराब झाली होती. मुंबईला नेऊन ऑपरेशन करायला हवं, वय पाहता धोका आहे, पण न करण्यात जास्त धोका आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. रंजना आणि जावई धावतपळत आले. सगळं ठरलं. गाडी मांडव्याला रो-रो बोटीत चढवायची आणि पलीकडे थेट हॉस्पिटल.

आणि हवालदारांनी जाहीर केलं की ते जाणार नाहीत.

"बाबा, म्हणजे काय?" रंजना म्हणाली.

"एका वक्ताला एकच गडी रेघ वलांडतो. दुसरा गेला तर फाऊल."

"मी जातेच आहे ना तिच्याबरोबर!"

"तू लगीन होऊन गेलीस. तू पेणच्या संघातली."

मला राग आला. खरंच आला. मस्करीला काही सीमा असते. चाळीस वर्षं त्यांच्या रेघेला मी वाकत आलो होतो, ते त्या माणसाचं मन चांगलं आहे असं धरून. मी गडग्यावरून ओरडलो, "हवालदार, बायको मरणाच्या दारात चालली आहे आणि तुम्ही नियम कसले सांगता? लाज वाटत नाही?"

उत्तर वहिनींनी दिलं. "ऱ्हाऊ द्या मास्तर. तो हितंच बरा."

निघताना वहिनी रेघेपाशी थांबल्या, कष्टाने वाकल्या, मातीला हात लावून कपाळाला लावला. हवालदार म्हणाले, "बोनसच्या नादाला लागू नको. शीव आनि ये."

"डब्यात लाडू हायेत," वहिनी म्हणाल्या. "सगले एकदम खाऊ नका." त्या रेघ ओलांडून गाडीत बसल्या. गाडी वळणाआड गेली तशी हवालदार स्वतः रेघेबाहेर आले आणि मेलेल्यांच्या बाकावर जाऊन बसले. मी तोंड फिरवून घरात गेलो.

दोन दिवसांनी ऑपरेशन होतं. सकाळी नऊला वहिनींना आत नेणार होते. राग होता तरी घरात माझा पाय ठरेना. दहाच्या सुमाराला थर्मासमध्ये चहा घेतला आणि गेलो. मनात चार खणखणीत वाक्यं तयार ठेवली होती.

हवालदार बाकावर ताठ बसले होते. डोळे रस्त्याकडे आणि ओठ हलत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला शेवटी देव आठवला, जप करतोय. जवळ गेलो तर आवाज ऐकू आला. घोगरा, बारीक, पण सारखा. "कबड्डी-कबड्डी-कबड्डी-कबड्डी..."

"हवालदार," मी म्हटलं, "काय चाललंय हे?"

त्यांनी तळहात वर करून मला गप्प केलं. चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. दम संपला, तसा त्यांनी घाईघाईने श्वास ओढला आणि त्याच श्वासावर मला म्हणाले, "तिला गुंगी दिलीय मास्तर. दम कोन राखनार?" आणि पुन्हा सुरू झाले.

माझी चारही वाक्यं कुठे गेली ते मला कळलं नाही. मी त्यांच्या शेजारी, मेलेल्यांच्या बाकावर बसलो.

थोड्या वेळाने त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि बोटाने आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या छातीकडे खूण केली. मला अर्थ समजला. ते श्वास घेतील तेव्हा मी म्हणायचं, मध्ये खंड पडू द्यायचा नाही. मी जन्मात कबड्डी खेळलेलो नाही. लहानपणी मला कोणी संघात घेतलं नाही. पण त्या दिवशी एकसष्टाव्या वर्षी मी फणसाखाली बसून कबड्डी-कबड्डी म्हणायला लागलो. त्यांचा दम संपायला आला की मी उचलायचा, माझा संपायला आला की त्यांनी. रस्त्यावरून जाणारे थबकून बघत होते. पोस्टमन आला, आमच्याकडे बघितलं, रेघ शिवली, पत्र पायरीवर ठेवलं आणि काही न विचारता गेला. थर्मासमधला चहा तसाच राहिला.

मधेच एकदा, माझी पाळी असताना, ते म्हणाले, "दुसऱ्यानं दम राखायचा म्हंजे फाऊल हाय. मना म्हाईत हाय." ज्याने जावयाला दिवाळीला बाद केलं तो माणूस दिवसाढवळ्या फाऊल करत होता आणि मला त्यात सामील करून घेत होता.

दीड वाजून गेल्यावर फोन वाजला. फोन हवालदारांच्या मांडीवर होता, पण त्यांची पाळी चालू होती, म्हणून मी उचलला. रंजना रडत होती. मग तिचे शब्द कळले. "काका, झालं व्यवस्थित. बाबांना सांगा. आई ठीक आहे."

मी सांगितलं. हवालदार थांबले. इतक्या तासांनी फणसावरचे कावळे पहिल्यांदा ऐकू आले. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ ते उपरणं तोंडावरून काढलंच नाही.

मग बसलेल्या आवाजात, तुटक तुटक सांगू लागले. "ही रेघ माजी न्हाय मास्तर. तिची. लगीन झाल्यावर पैल्यांदा मी फौजेत परत निघालो. वर सीमेवर जायाचं हुतं. ही आली चुन्याचा डबा घेऊन, हितं रेघ वढली. म्हनाली, ‘फौजेची चढाई करू नको. आपली कर. जा, शीव, आनि ये.’ पोर हुती वो ती. अठरा वर्सांची. दर रजेला मी निघालो की ती हितं बसायची. माजी येष्टी पेणच्या पुढं जाईस्तोवर कबड्डी-कबड्डी म्हनत ऱ्हायची. मना कधी बोलली न्हाय. माज्या आयेनं सांगितला. सतरा वर्सं."

मी थर्मास त्यांच्याकडे सरकवला.

"ती कधी माज्याबरूबर सीमेवर आली न्हाय. हिनं रेघ राखली, म्हनून मी आलो. मी जर आज तकडं गेलो असतो तर हितं कोन व्हतं? मग ती कुनाकडं येनार?" ते थांबले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "लय भ्या वाटलं मास्तर. फौजेत न्हाय वाटलं इतकं. बसनाऱ्याची चढाई लय अवघड असती."

मी त्यांना गडग्यावरून जे बोललो होतो त्याची आठवण होऊन मला माझीच लाज वाटली. तसं मी म्हणालोही. त्यांनी थर्मास उघडला, आपला पेला रेघेपलीकडून आणायचा राहिला होता म्हणून झाकणातच चहा ओतला आणि आधी मला दिला. बाकावर चहा मिळाल्याचा तो पहिलाच प्रसंग.

बाराव्या दिवशी वहिनी आल्या. त्या बाराही दिवसांत हवालदार दिवसभर बाकावरच असायचे. आमच्या घरून ताट जायचं तेही तिथेच. त्या सकाळी, शनिवार नसताना, त्यांनी नवी रेघ ओढली होती. गाडी थांबली. वहिनी उतरल्या, अर्ध्या झालेल्या, रंजनाच्या खांद्याला धरून. मागून जावई, फोन बंद करून. मी गडग्यापाशी उभा होतो.

रेघेपाशी येताच वहिनींनी रंजनाचा हात सोडवला. एकटीने दोन पावलं टाकली. वाकता येत नव्हतं, म्हणून चपलेतून पाय काढला आणि अंगठ्याने रेघ शिवली.

हवालदारांच्या तोंडात शिट्टी होती. त्यांनी फुंकली. पण ओठ शिट्टीभोवती नीट मिटेनात, नुसती हवा आली. पुन्हा फुंकली, पुन्हा हवाच.

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, मग बाकाकडे. "किती दिस बसलाव त्या बाकावर?" श्वास घेत घेत त्या म्हणाल्या. "उठा आता. जिवंत झालाव."

हवालदार उठले. चालायचे ते धावलेच म्हणायला हवं. वहिनींचा हात धरायच्या घाईत त्यांचा पाय बरोबर रेघेच्या मधोमध पडला आणि ओला चुना अंगणभर फिसकटला.

मी ते पाहिलं. जावयानेही पाहिलं. गेली कित्येक वर्षं तो ज्या क्षणाची वाट बघत होता तो समोर आला होता. त्याने तोंड उघडलं. मी गडग्यावरून हात लांब करून त्याचा दंड घट्ट धरला. त्याने माझ्याकडे बघितलं, मग आत चाललेल्या त्या दोघांकडे बघितलं, आणि तो हळूच वाकून उरलेली रेघ शिवून आत गेला.